मुकादमाची दस्तुरी आणि बदलीचे कार्ड

नोकरी कशी मिळवावी व माणूस कसा निवडावा, यावर हल्ली पुष्कळ उपदेश ऐकू येतो. अर्ज नीटनेटका लिहा, असे उमेदवाराला सांगतात. गुण पाहून माणूस घ्या, असे मालकाला सांगतात. उपदेश खोटा नाही. पण भरतीची किल्ली कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे, आणि त्याचे उत्तर शोधावयाचे तर मुंबईच्या कापडगिरण्यांच्या फाटकाशी जावे लागते.

कावसजी दावरांची गिरणी ताडदेवला १८५६ साली सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, कोकणातून व घाटावरून माणसे येऊ लागली. मॅनेजरला त्यांचे गाव ठाऊक नसे, घर ठाऊक नसे. त्याने भरतीचे काम जॉबरवर, म्हणजे मुकादमावर, सोपविले. बायकांच्या खात्यांत हाच अधिकार नायकिणीकडे असे. मुकादम हा निव्वळ खलपुरुष होता असे आम्ही म्हणणार नाही. तो गाववाला असे, राहावयाची सोय लावी, अडीनडीला पैसे देई. मात्र जागेबद्दल तो दस्तुरी घेई, आणि खरी गोम येथेच आहे. जागा रिकामी झाली तरच त्याची मिळकत व्हावयाची. मग जुना हात काढून नवा घेण्याचा मोह त्याला का होऊ नये? कसबी माणूस निघून जाई, आणि मालक मात्र म्हणत, हे लोक एका जागी टिकतच नाहीत! त्यांचे नुकसान होत असूनही ही रीत टिकली, कारण संपाच्या वेळी नवी माणसे आणून उभी करणाराही बहुधा मुकादमच असे.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मालकाच्या माथी मारून आम्हां कामगारांना मोकळे होता येत नाही. साळखात्यात, म्हणजे मागांवर, पगार चांगला. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगाराला तेथे प्रवेश नव्हता. विटाळ मानणारे त्याचे सोबतीच होते. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघड मांडला. अशा दारापुढे अर्जाचे अक्षर कितीही वळणदार असून काय उपयोग?

१९२९ साली व्हिटली साहेबांच्या अध्यक्षतेखाली मजूरविषयक रॉयल कमिशन नेमले गेले; ना. म. जोशी त्याचे एक सभासद होते. भरतीचा अधिकार मुकादमाकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावा, असे त्याने १९३१ च्या अहवालात सुचविले. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांसाठी कार्डाची पद्धत आणली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक माणसांना कार्डे मिळत. त्यांनी रोज सकाळी हजर राहावयाचे आणि कायमचा कामगार गैरहजर असेल तेथे उभे राहावयाचे. काम नाही त्या दिवशी पगार नाही. मुकादमाचा हातही एकदम सुटला नाही. कार्ड कोणाला द्यावे, येथे तो पुन्हा शिरला.

तरीही ह्या कार्डाला आम्ही क्षुल्लक मानीत नाही. भीक मागणाऱ्याला नंबर नसतो. ज्याच्याजवळ कार्ड आहे त्याला, ‘माझ्या मागच्याला आधी का घेतले?’ असे विचारता येते, आणि संघटनेला तेवढाच धागा पुरतो. १९५० साली मुंबईच्या गिरण्यांत नोंदणीवरून भरती करण्याची सरकारी योजना आली, ती ह्याच वाटेवरची. १९५९ च्या कायद्याने रिकाम्या जागा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला कळविणे मोठ्या मालकांवर बंधनकारक झाले. तेथून आलेला माणूस घेणे मात्र बंधनकारक झाले नाही. बदलीवाल्यांची वर्षानुवर्षांची कुचंबणा तशीच राहिली, आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपामागच्या असंतोषात तिचाही वाटा होता.

आज गिरण्यांच्या जागी उंच इमारती आहेत, पण औद्योगिक वसाहतींतून हिंडताना फाटकाशी कंत्राटदाराचा माणूस दिसतो तेव्हा आम्हांला मुकादमाचा चेहरा ओळखू येतो. आमच्याकडे येणाऱ्या पोरांना आम्ही सांगतो: जागेसाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका, हजेरीपटावर आपले नाव कोणाच्या नावाखाली लागते ते विचारा, आणि पहिल्या दिवशीच नेमणुकीचा कागद मागा. कारखानदार भेटले तर त्यांना एवढेच विचारतो, की रिकाम्या जागा तुम्ही फळ्यावर लिहिता, की कोणाच्या कानात सांगता?