जुन्या गाण्यांचे गावचे रेडिओ केंद्र : परवाना आणि स्वामित्वहक्क

लाखनीसारख्या तालुक्याच्या गावी जुनी गाणी ऐकविणारे रेडिओ केंद्र चालवायचे, तर सामुदायिक रेडिओचा मार्ग सर्वांत जवळचा आहे. २००६ च्या केंद्रीय धोरणानुसार हा परवाना व्यक्तीला नव्हे, तर शैक्षणिक संस्था, कृषी विज्ञान केंद्र वा नोंदणीकृत सेवाभावी संस्थेला मिळतो. शंभर वॅटच्या प्रक्षेपणाचा आवाज साधारणतः १० ते १५ किलोमीटरपर्यंत पोहोचतो. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार केलेले असावे लागतात. त्यामुळे दिवसभर केवळ गाणी लावता येत नाहीत. २०२४ च्या सुधारणेनुसार तासाला १२ मिनिटे जाहिरातींची मुभा आहे.

गाणे जुने म्हणजे मोफत, हा समज मात्र चुकीचा आहे. ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो; शब्द व चाल यांचा हक्क कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. १९६० च्या 'जगाच्या पाठीवर' चित्रपटातील गाण्यांच्या ध्वनिमुद्रणाची मुदत आता संपली आहे. तथापि ग. दि. माडगूळकर यांचे निधन १९७७ मध्ये, तर सुधीर फडके यांचे २००२ मध्ये झाले. म्हणून गदिमांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत आणि फडके यांच्या चाली २०६२ अखेरपर्यंत संरक्षित राहतील. या मानधनाची तरतूद केंद्राच्या अंदाजपत्रकात आरंभीच करणे हिताचे ठरते.