संगणकाचा हिशेब कोण मांडतो?

संगणक हे यंत्र आता कोणालाही नवे राहिलेले नाही. बँकेत, रेल्वेच्या खिडकीवर, रेशनच्या दुकानात, कारखान्याच्या पगारपत्रकात ते येऊन बसले आहे. परंतु हे यंत्र स्वतःहून काही करीत नाही. बेरीज केव्हा करावयाची, वजाबाकी केव्हा, आकडा जुळला नाही तर थांबावयाचे की पुढे जावयाचे, हे सारे त्याला कोणीतरी आधी पायरीपायरीने लिहून द्यावे लागते. या लिहून दिलेल्या आज्ञांस आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर म्हणतात. ही आज्ञावली कशी घडते, हा आजचा विषय आहे. आम्ही संगणकशास्त्राचे पदवीधर नव्हे. आमचे शिक्षण शाळेपेक्षा कामगार संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयातच अधिक झाले. तेव्हा आम्ही या विषयाकडे आमच्याच बाजूने पाहणार : हे श्रम कोण करतो, कसे करतो, आणि चूक झाली तर भुर्दंड कोणावर पडतो?

याचे उत्तर इंग्लंडातील एका चहावाल्या कंपनीच्या इतिहासात सापडते. जे. लायन्स आणि कंपनी हिची लंडनमध्ये व इतर शहरांत चहाची दुकाने होती, पाव-केकची मोठी बेकरी होती. एका कपामागे नफा थोडा, पण हिशेबाचे कागद अपार! १९४७ साली कंपनीचे दोन अधिकारी अमेरिकेस गेले. तेथे त्यांना विद्युत्-गणकयंत्रांची माहिती मिळाली. परत येऊन कंपनीने केंब्रिज विद्यापीठातील अशाच यंत्राच्या कामाला साहाय्य केले व मग त्या धर्तीवर स्वतःचे यंत्र बांधले. त्याचे नाव लिओ. नोव्हेंबर १९५१ मध्ये बेकरीचा हिशेब लिओवर चालू झाला. कचेरीचे नित्याचे काम संगणकाकडून करून घेण्याचा जगातील हा पहिला प्रयत्न मानला जातो.

आता या मंडळींनी आज्ञावली कशी तयार केली ते पाहू, कारण त्या पायऱ्या आजही फारशा बदललेल्या नाहीत. पहिली पायरी म्हणजे काम समजावून घेणे. कोणता कागद कोठून येतो, कोणाच्या हाताखालून जातो, त्यावर कोण काय लिहितो, याचा अभ्यास करणारे खातेच लायन्समध्ये पूर्वीपासून होते. दुसरी पायरी आराखड्याची. घर बांधण्याआधी नकाशा काढतात, तसे कामाच्या ओघाचे चित्र काढावयाचे. तिसरी पायरी प्रत्यक्ष आज्ञा लिहिण्याची. बाहेरच्या माणसाला हेच सारे काम वाटते. वस्तुतः तो त्याचा एक भाग आहे. चौथी पायरी तपासणीची. एकाने लिहिलेले दुसऱ्याने वाचून पाहावयाचे, अशी शिस्त लिओच्या प्रमुखांपैकी डेव्हिड कॅमिनर यांनी घालून दिली. केंब्रिजचे यंत्र बांधणारे मॉरिस विल्क्स यांनी तर सांगून ठेवले आहे की, आपले उरलेले आयुष्य बहुतांशी आपल्याच आज्ञावलीतील चुका शोधण्यात जाणार, हे आपल्याला १९४९ च्या सुमारास एकदम उमगले. एवढ्या मोठ्या माणसाला जे उमगले, ते या धंद्यातील प्रत्येकाने पहिल्याच दिवशी मान्य केले पाहिजे. चूक होणारच, ती सापडावी अशी व्यवस्था हवी.

लायन्सचे पगारपत्रक १९५३ च्या अखेरीस लिओवर आले. अनुभवी कारकुनाला एका माणसाचा पगार काढण्यास सुमारे आठ मिनिटे लागत. लिओला दीड सेकंद. पण पगार ही जोखमीची वस्तू आहे. पगाराच्या दिवशी पाकिटात पैसे कमी निघाले, तर कामगार यंत्राची सबब ऐकून घेत नाही, आणि घेऊही नये! म्हणून नवी पद्धत पूर्णपणे पारखून घेतल्यावाचून तिच्यावर भिस्त ठेवावयाची नाही, हा दंडक होता. पुढे १९५४ मध्ये चहाच्या दुकानांच्या मागण्या यंत्राकडे आल्या. प्रत्येक दुकानाची ठरीव मागणी यंत्रात होती. दुकान सांभाळणाऱ्या बाईने दररोज टेलिफोनवरून त्यातील फेरफार तेवढा सांगावयाचा. दुकानात उद्या काय खपेल हे तिला यंत्रापेक्षा अधिक कळते, हे कंपनीने ओळखले होते. जो काम करतो त्याचे ऐकून घेणे, हाच या साऱ्या पद्धतीचा पाया होता.

पुढे धंद्याचे रूप पालटले. १९६३ मध्ये लिओची कंपनी इंग्लिश इलेक्ट्रिकमध्ये मिसळली. १९६८ मध्ये आणखी विलीनीकरण होऊन आयसीएल ही मोठी ब्रिटिश कंपनी झाली. ती आपल्याला अगदी परकी नव्हे. पुण्याची झेन्सार तिच्याच भारतीय शाखेतून निर्माण झाली. १९९० मध्ये आयसीएलचा मोठा हिस्सा जपानच्या फुजित्सूने घेतला. याच कंपनीकडे नव्वदीच्या दशकात ब्रिटिश टपाल कचेऱ्यांच्या हिशेबाचे काम आले. त्या आज्ञावलीचे नाव होरायझन.

तेथील बहुसंख्य टपाल कचेऱ्या सब-पोस्टमास्टर चालवितात. हे पगारी नोकर नव्हेत; कराराने टपालाचे काम पाहणारे छोटे दुकानदार. १९९९ पासून त्यांच्या गल्ल्यांवर होरायझन बसू लागले आणि पुष्कळांच्या हिशेबात तूट दिसू लागली. टपाल कंपनीने म्हणावे, यंत्र बरोबर आहे, तुम्ही पैसे भरा. कोणी घर गहाण टाकून भरले, कोणी कर्ज काढून भरले. ज्यांना भरणे जमले नाही त्यांच्यावर चोरीचे व खोट्या हिशेबाचे खटले झाले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेंहून अधिक माणसे दोषी ठरली. २०१० मध्ये एका गरोदर बाईलाही तुरुंगात पाठविण्यात आले.

दोष कोठे होता? एकच उदाहरण देतो. २०१५ मध्ये स्कॉटलंडमधील डॅलमेलिंग्टन येथे एका बाईने ८,००० पौंडांची आवक नोंदविली. पडदा अडकला, म्हणून तिने कळ पुन्हा दाबली. यंत्राने तीच रक्कम चार वेळा जमा धरली, आणि कागदावर २४,००० पौंडांची तूट उभी राहिली!

असे दोष आज्ञावली घडविणाऱ्यांना अगदीच अज्ञात नव्हते. गल्ल्यावरील हिशेबाचा भाग निकृष्ट लिहिला गेला आहे, असा अहवाल १९९८ मध्येच, म्हणजे होरायझन देशभर बसण्यापूर्वी, कंपनीच्या आत तयार झाला होता. पुनर्लेखनाची सूचनाही होती. ते झाले नाही. येथे आम्हांस कारखान्यातील परिचित दृश्य दिसते. हातोडी धरणारा सांगतो की सांधा कच्चा आहे. वरचा म्हणतो, माल पाठवून द्या. मग सांधा तुटला की दोष वापरणाऱ्याचा!

कायद्यानेही दुर्बळाची बाजू सोडली. इंग्लंडात १९८४ च्या कायद्याप्रमाणे संगणकाचा कागद पुराव्यात आणावयाचा, तर यंत्र नीट चालत होते हे दाखवावे लागे. १९९९ च्या कायद्याने ती अट रद्द केली. यंत्र बरोबरच चालते असे धरले गेले; चुकीचा पुरावा आणण्याचे ओझे, यंत्राच्या आत डोकावण्याची ज्याला मुभाच नाही, त्या दुकानदारावर येऊन पडले.

अखेर अॅलन बेट्स यांच्या पुढाकाराने ५५५ जण एकत्र येऊन न्यायालयात गेले. एकेकट्याला प्रत्येक वेळी वाटत होते की तूट फक्त आपल्याच गल्ल्यात आहे. एकत्र बसल्यावर कळले की रोग एकच आहे. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने होरायझनमध्ये दोष होते असा निर्णय दिला, आणि २०२४ मध्ये संसदेने कायदा करून शिक्षा रद्द केल्या. तोपर्यंत काही जण हयात राहिले नव्हते.

लिओ आणि होरायझन या दोहोंमध्ये अर्ध्या शतकाचे अंतर आहे. त्या अवधीत यंत्र लाखो पटींनी वेगवान झाले. मात्र दुकानातील बाईचा टेलिफोन ऐकून घेण्याची पायरी गळाली. आज्ञावली लिहून झाली म्हणजे ती पुरी झाली, असे होत नाही. वापरणारा जी तक्रार करतो ती ऐकणे व त्याप्रमाणे दुरुस्ती करणे, हाही तिच्या घडणीचाच भाग आहे. तेव्हा आपल्या बँकेत, पतपेढीत वा कारखान्यात नवा संगणक येईल, तेव्हा त्याची किंमत विचारण्याबरोबर तीन प्रश्न अवश्य विचारावेत. हे ज्यांना वापरावयाचे, त्यांना आधी विचारले काय? जुनी पद्धत चालू ठेवून हे पारखून पाहिले काय? आणि आकडा चुकला तर तो चुकला असे म्हणण्याची जागा कोठे आहे? हे प्रश्न विचारण्यास संगणकशास्त्र यावे लागत नाही. चारचौघांनी मिळून विचारले म्हणजे झाले.