‘अभिमान’ शब्दाचा अर्थ आणि संतांचा अहंकारविचार

मराठी संतवाङ्मयात अहंकाराचा निषेध आहे, हे विधान इतके सर्वमान्य झाले आहे की त्याची फोड करून पाहण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. पदव्युत्तर वर्गातील उत्तरपत्रिकांतून तर अहंकार, अभिमान, गर्व, दर्प, मद हे सारे शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत योजलेले आढळतात. त्यातूनच पुढे असा निष्कर्ष काढला जातो की, संतांनी नम्रतेचा उपदेश करून समाजाला मान खाली घालावयास शिकविले. प्रस्तुत लेखकास हा निष्कर्ष मान्य नाही. त्यातील चूक जितकी इतिहासाची आहे तितकीच, किंबहुना अधिक, शब्दार्थाची आहे.

‘अभिमान’ हा शब्द ‘अभि’ हा उपसर्ग लागून ‘मन्’ या धातूपासून सिद्ध झाला आहे. ‘मन्’ म्हणजे मानणे, समजणे. ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेत अहंकाराची व्याख्या ‘अभिमान’ या एकाच शब्दाने केली आहे आणि तेथे त्या शब्दाला निंदेचा गंधही नाही. प्रकृतीपासून महत्, महतापासून अहंकार, अहंकारापासून इंद्रिये व तन्मात्रे, असा तो सृष्टिक्रमातील एक टप्पा आहे. वेदान्तात देहाला ‘मी’ मानणे हा देहाभिमान होय. परंतु त्याच वेदान्तात अग्नी, वायू इत्यादींच्या अधिष्ठात्या देवतांनाही ‘अभिमानी देवता’ म्हटले आहे. अग्नीच्या देवतेला अग्नीचा गर्व असतो, असा याचा अर्थ कोणीही करणार नाही. एखादी वस्तू ‘मी’ अथवा ‘माझी’ म्हणून स्वीकारणे, हा या शब्दाचा मूळ अर्थ. गर्व हा त्याचा एक संभाव्य परिणाम आहे, इतकेच.

शास्त्रातील ही संज्ञा लोकव्यवहारातील दोषवाचक शब्दाला जेथे येऊन मिळते, ते स्थळ ज्ञानेश्वरीत (शके १२१२, इ. स. १२९०) स्पष्ट दिसते. तेराव्या अध्यायाच्या आरंभी क्षेत्राची छत्तीस तत्त्वे सांगितली जात असताना अहंकाराची पाळी येते. इतर तत्त्वांप्रमाणे त्याचीही व्याख्या करून पुढे जाता आले असते. परंतु ज्ञानेश्वर तेथे क्षणभर थांबतात आणि या अहंकाराचे नवल सांगतात : तो अज्ञान्याच्या वाटेला फारसा जात नाही, ज्ञात्याचा मात्र गळाच धरतो. तत्त्वांच्या रुक्ष यादीत मध्येच उमटलेला हा उद्गार भाष्यकाराचा नसून अनुभवी माणसाचा आहे. (निवृत्तिनाथांच्या या शिष्याचे वय परंपरेने त्या वेळी वीसच्या आतले मानले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे आश्चर्य वाटते.) याच अध्यायात पुढे ज्ञानाची लक्षणे येतात. त्यांत अमानित्व पहिले असून अनहंकार हे निराळे लक्षण आहे. अमानी पुरुष बृहस्पतीसारखे ज्ञान असूनही मोठेपणाच्या भयाने वेडेपणात दडतो, असे ज्ञानेश्वर म्हणतात. मान नको असणे आणि ‘मी’ नसणे या दोन गोष्टींची त्यांनी सरमिसळ केलेली नाही. आपण मात्र ती नित्य करतो.

ज्ञात्याचा गळा धरणारा हा अहंकार परंपरेने कसा ओळखला, हे नामदेवांच्या प्रसिद्ध कथेवरून समजते. गोरा कुंभाराने थापटणे घेऊन जमलेल्या संतांची डोकी थापटून पाहिली. इतरांनी ते निमूटपणे सोसले. नामदेव रागावले आणि ‘कच्चे मडके’ ठरले. मग औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे जाऊन त्यांना गुरुपदेश घ्यावा लागला. महिपतींनी भक्तिविजयात (शके १६८४, इ. स. १७६२) ही कथा रंगवून सांगितली आहे. नामदेवांनंतर चार शतकांनी लिहिलेला ग्रंथ त्यांच्या स्वभावाचा पुरावा होऊ शकत नाही. तथापि परंपरेला कशाचे भय वाटत होते, याचा तो उत्तम पुरावा आहे. कथेतील नामदेवांना धन, कुल वा विद्या यांचा गर्व नाही. देव आपल्याशी बोलतो, आपल्या हातचे खातो, याचा आहे. सर्व ताठे सोडल्यावर उरणारा हा शेवटचा ताठा असून, ज्याला देव भेटला नाही त्याला तो होणेच शक्य नाही.

आता याच्या उलट बाजू पाहू. रामदासांच्या मनाच्या श्लोकांत अहंतेचा त्याग पुनःपुन्हा सांगितला आहे. आणि त्याच रचनेत रामाला ‘दासाभिमानी’ हे विशेषण वारंवार लावले आहे. भक्ताने टाकावयाचा तो अभिमान आणि देवाचे भूषण तोही अभिमानच! मूळ अर्थ ध्यानात घेतला म्हणजे यात विसंगती राहत नाही. भक्ताने देहाला ‘माझा’ म्हणणे सोडावे, म्हणजे देव भक्ताला ‘माझा’ म्हणतो. अभिमान नाहीसा होत नाही, त्याचा धनी बदलतो.

हा अर्थ खरा कसास लागतो तो चोखामेळ्याच्या ठिकाणी. ज्याला गावाने ‘आपला’ म्हटले नाही, त्याने कोणता अहंकार टाकावयाचा? चोखोबांच्या काही अभंगांत आपली स्थिती पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ म्हणून स्वीकारलेली दिसते, आणि तेवढ्यावरच बोट ठेवून टीकाकार थांबतात. परंतु उसाचा वाकडेपणा रसात उतरत नाही, असा युक्तिवाद करणारा चोखाही तोच आहे. त्याच्या ‘जोहारा’च्या अभंगांकडे भाषाभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे. जोहार हे महाराने वरिष्ठांस करावयाचे वंदन; जन्माने लादलेली ती शब्दरूढी. चोखोबा ती उचलतात आणि थेट विठ्ठलाच्या दरबारात नेतात. आपण या घरचे आहोत, हा हक्क ते नम्रतेच्या भाषेत सांगतात. शके १२६० मध्ये (इ. स. १३३८) मंगळवेढ्यास कूस कोसळून ते मृत्यू पावले. त्यांची समाधी पंढरपुरास महाद्वारासमोर आहे, आत नाही. ते दार त्यांच्या ज्ञातिबांधवांसाठी साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली उघडले.

एकोणिसाव्या शतकात देशाभिमान, स्वभाषाभिमान असे समास रूढ झाले. निबंधमालेने (१८७४ पासून) त्यांना प्रतिष्ठा दिली. ‘अभिमान’ हा शब्द गौरववाचक झाला तो इंग्रजी शिक्षणाने, असे सरसकट म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. पण वर दाखविल्याप्रमाणे त्याची जागा भाषेत आधीच तयार होती. डॉ. आंबेडकरांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढले, तेव्हा शिरोभागी तुकारामांचा भीड टाकण्याविषयीचा अभंग घातला. १९२७ च्या ‘बहिष्कृत भारता’वर ज्ञानेश्वरीतील ओव्या आल्या. अर्जुनाला धनुष्य हाती घेऊन रथावर चढावयास सांगणाऱ्या त्या ओव्या तिसऱ्या अध्यायातील आहेत. आणि सर्व कर्मे देवाला अर्पून ममत्व सोड, असे सांगणाऱ्या गीताश्लोकावरच त्यांचे भाष्य आहे.