मोतीबिंदू खरेच परत येतो का?

‘आजोबांचा मोतीबिंदू परत आला,’ असे वर्गातला एखादा मुलगा सांगतो. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन वर्षे स्वच्छ दिसत होते, आता पुन्हा धुरकट दिसते. ‘वयच झाले,’ म्हणून आजोबा गप्प बसतात. पण मोतीबिंदू म्हणजे गढूळ झालेले नैसर्गिक भिंग. ते तर काढून टाकले. मग परत काय आले?

उत्तरासाठी थोडे मागे जाऊ. १७४७ मध्ये फ्रेंच शल्यविशारद जाक दाव्हिएल यांनी भिंगाभोवतीची पातळ पिशवी उघडून आतले गढूळ भिंग बाहेर काढले. पुढे पिशवीसकट भिंग काढण्याची पद्धत रुळली. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतले जाड भिंगांचे चष्मे तिचेच. १९४९ मध्ये लंडनमध्ये हॅरल्ड रिडली यांनी डोळ्यातच प्लॅस्टिकचे भिंग बसवले. या भिंगाला आधार हवा, म्हणून पिशवीची मागची बाजू शाबूत ठेवणे पुढे सोयीचे ठरले. मात्र पिशवीत चिकटून राहिलेल्या काही पेशी वाढतात, मागच्या पडद्यावर पसरतात आणि तो गढूळ होतो. परत आलेला ‘मोतीबिंदू’ तो हाच!

पूर्वी हा पडदा फाडण्यासाठी डोळ्यात सुई किंवा पाते घालावे लागे. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर तयार केला. सुरुवातीला डोळ्यांसाठी वापरलेले लेसर उष्णतेने काम करत. त्यासाठी पेशींनी प्रकाश शोषून घ्यायला हवा. या पडद्याला तर रंगच नाही. मग तो कापायचा कसा?

१९८० च्या सुमारास पॅरिसमध्ये दानिएल आरों-रोझा आणि बर्नमध्ये फ्रान्झ फांकहाउझर यांनी वाट काढली. निओडिमियम-याग स्फटिकाचा लेसर अवरक्त प्रकाश देतो. त्याची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर. समजा, २ मिलिज्यूल ऊर्जा ५ नॅनोसेकंदांत सोडली. भागाकार करून पाहा: शक्ती येते ४ लाख वॅट! ती एका बिंदूत एकवटली की तेथील अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटतात, प्लाझ्मा तयार होतो आणि त्याच्या सूक्ष्म धक्क्याने पडदा फाटतो. उन्हात भिंग धरले की कागद नाभीपाशीच जळतो, पुढे-मागे नाही. तसेच येथेही पुढचे पारपटल व मागचे दृष्टिपटल वाचते. अवरक्त प्रकाश दिसत नसल्याने नेम धरायला तांबडा किरण जोडलेला असतो.

रुग्ण यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसतो. काही मिनिटांत पडद्याला मधोमध खिडकी पडते. टाके नाहीत, पट्टी नाही. धोका अगदीच नाही असे नव्हे: डोळ्यातला दाब वाढू शकतो, क्वचित दृष्टिपटल सुटते. शिवाय धुरकट दिसण्याचे कारण दुसरेही असू शकते. म्हणून आधी तपासणी हवीच.

तेव्हा ‘परत आला’ हे ऐकले, की त्या मुलाला एवढेच सांगू या: आजोबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.