जिरले म्हणजे गेले?

मराठीत 'जिरणे' हे क्रियापद मोठे सोयीचे आहे. जेवण पोटात जिरते, पाऊस जमिनीत जिरतो, आणि गावातल्या एखाद्या तोऱ्यात वागणाऱ्याची मस्तीही जिरते. तिन्ही ठिकाणी बोलणाऱ्याच्या मनातला भाव एकच असतो: प्रकरण मिटले, आता त्याचा विचार नको. त्यातल्या पावसाच्या बाबतीत आम्ही खानदेशी माणसे थोडी सावध आहोत. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही पाटी वाचतच आमच्या मुलांच्या पिढ्या मोठ्या झाल्या. जिरलेले पाणी नाहीसे होत नाही, उन्हाळ्यात विहिरीला परत भेटते, हे पटवायला एरंडोलात कोणा पंडिताची गरज लागत नाही. पण पोटात जिरलेली औषधाची गोळी? तीही तशीच परत भेटते, हे सांगू गेले की लोक हसतात.

मी इतिहासाचा मास्तर. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मला कोणी उभे करणार नाही. तथापि या गोष्टीला स्वतःचा एक इतिहास आहे, आणि तो सांगण्यापुरता माझा अधिकार मी गृहीत धरतो.

आपल्याकडे औषध आणि पाणी यांची गाठ जुनी आहे. पण ती उलट्या दिशेने पडलेली. पूर्वी रोग पाण्यातून यायचा आणि औषध पाण्याला दिले जायचे. पटकीची साथ आली की विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकीत. आग्र्याच्या हॅन्किन नावाच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या उपायाचा पुरस्कार केला आणि तो गावोगाव पसरला. गुलाबी झालेल्या पाण्याकडे बायका संशयाने बघत उभ्या राहत, असे माझी आजी सांगे. पुढे ब्लीचिंग पावडर आली. आजही ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएलचा डबा घेऊन फिरतो. पायऱ्यांच्या विहिरींतून होणाऱ्या नारूशी लढताना तर पाण्यात औषध टाकणे हा मोहिमेचाच एक भाग होता. नारूचा शेवटचा रोगी 1996 साली सापडला आणि 2000 साली देश नारूमुक्त ठरला. हे सारे औषध कोणी तरी मोजून, ठरवून, डोळ्यांदेखत पाण्यात टाकलेले होते. आता जे पाण्यात उतरते ते कोणी टाकीत नाही, मोजीत नाही, आणि त्याला रंगही नसतो.

त्याची सुरुवात मी ऑक्सफर्डपासून धरतो. 1941 सालच्या फेब्रुवारीत तिथल्या रुग्णालयात आल्बर्ट अलेक्झांडर नावाचा एक पोलीस शिपाई पू झालेल्या जखमांनी मरणाच्या दारी पडला होता. फ्लोरी, चेन आणि हीटली या मंडळींनी नुकतेच वेगळे काढलेले पेनिसिलिन त्याला टोचले. चार-पाच दिवसांत ताप उतरला, भूक लागली. पण जगात होते नव्हते तेवढे पेनिसिलिन संपत आले. तेव्हा त्या शास्त्रज्ञांनी काय केले असेल? त्यांनी रोग्याची लघवी जमा केली. ती सायकलवरून प्रयोगशाळेत न्यायची, तिच्यातून पेनिसिलिन पुन्हा काढायचे, आणि त्याच माणसाला पुन्हा टोचायचे! शरीर हे औषध फारसे वापरीतच नाही, मूत्रपिंडे ते काही तासांत जसेच्या तसे बाहेर फेकतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तरी साठा पुरला नाही. 15 मार्चला तो शिपाई गेला. पुढे काही वर्षांनी पेनिसिलिनचे हे निसटणे मंदावे म्हणून प्रोबेनेसिड नावाचे दुसरे औषधही तयार करण्यात आले.

या हकिकतीतला वीररस पुष्कळांनी वाखाणला आहे. मला तिच्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रतिजैविकांच्या युगाच्या पहिल्याच महिन्यात, पहिल्याच रोग्याच्या बाबतीत, औषध माणसातून आरपार जाते हे माहीत झाले होते. ते अज्ञान नव्हतेच कधी. औषध सोन्याच्या मोलाचे होते तोवर लोक ते लघवीतून वेचीत होते. स्वस्त झाले तसा तो विषय मोरीत गेला.

स्वस्त व्हायला फार वर्षे लागली नाहीत. आपल्याकडे 1954 साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य त्याला होते. ज्या घरांत न्यूमोनिया म्हणजे तिरडीची तयारी असे, त्या घरांत बाळे वाचू लागली. या उपकारांना कमी लेखणारे लिखाण मी करणार नाही. पण बाळ वाचले त्या दिवशी औषध गेले कुठे, हे विचारायला कोणाला सवड नव्हती.

ते विचारले गेले परमुलखात, आणि तेही बव्हंशी अपघाताने. 1977 साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या सांडपाणी केंद्रातून शुद्ध होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्लोफिब्रिक आम्ल सापडल्याचे प्रसिद्ध झाले. रक्तातली चरबी कमी करण्याच्या गोळीचा हा उरलेला अंश. दररोज सुमारे दोन किलो. सोबत अ‍ॅस्पिरिनचाही अंश होता. फारसे कोणी लक्ष दिले नाही. मग 1990 नंतरच्या काही वर्षांत बर्लिनचे रसायनज्ञ भूजलात शेतातले तणनाशक शोधीत असता तेच आम्ल त्यांच्या हाती लागले, आणि पुढे ते नळाच्या पाण्यातही आढळले. बर्लिन आपले पिण्याचे पाणी बरेचसे नदी-तळ्यांच्या काठच्या विहिरींतून उपसते. वाळूतून गाळून आलेले पाणी निर्मळ, हा त्यामागचा विश्वास. आपल्याकडे कोरड्या नदीच्या पात्रात झिरा खणून वाटीवाटीने पाणी भरणाऱ्या बाईचा विश्वास याहून वेगळा नाही. वाळू गढूळपणा अडवते, पुष्कळसे जंतूही अडवते. पाण्यात विरघळलेली गोळी मात्र ती सरसकट अडवीत नाही.

प्रत्येक औषधाची चाल निराळी. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन शरीरात मुळीच मोडत नाही, जवळजवळ सगळे जसेच्या तसे बाहेर पडते. अ‍ॅमॉक्सिसिलिनचा निम्म्याहून अधिक भाग तसाच निघतो, पण ते पाण्यात लवकर मोडते. फेफऱ्यावरचे कार्बामाझेपिन उलट: यकृत त्याचा बहुतेक भाग बदलून टाकते, पण जे थोडे सुटते ते पाण्यात मोडायचे नावच घेत नाही. 2022 साली 104 देशांतल्या 258 नद्यांच्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध झाली, तीत सर्वांत अधिक ठिकाणी सापडली ती हे कार्बामाझेपिन, मेटफॉर्मिन आणि आपल्या चहा-कॉफीतले कॅफीन. त्या यादीत आमच्या अंजनीचे नाव नाही. पण मेडिकलमध्ये महिन्याच्या पहिल्या आठवड्यात साखरेच्या गोळ्यांसाठी उभी असलेली रांग पाहिली, म्हणजे यादीची फारशी जरूर वाटत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा अंशाने काय होणार? बरोबर आहे. नदीच्या पाण्यातून एका गोळीइतके औषध पोटात जायला माणसाला बहुधा जन्मभर पाणी प्यावे लागेल. भीती पिणाऱ्याची नाही, पाण्यातल्या जंतूंची आहे. थोड्या मात्रेने जंतू मरत नाहीत, शिकतात, हे खुद्द फ्लेमिंगने 1945 सालच्या नोबेल व्याख्यानात बजावले होते. त्याच्या डोळ्यांपुढे अर्धवट औषध घेणारा रोगी होता. अर्धवट औषध घेणारी नदी त्याच्या स्वप्नातही नसेल.

आणि काही नद्या तर पूर्ण मात्रा घेतात. हैदराबादजवळ पाटणचेरूला सुमारे 90 औषध कारखान्यांचे सांडपाणी एकत्र शुद्ध करणारे केंद्र आहे. 2007 साली स्वीडनच्या संशोधकांना तिथून बाहेर सोडलेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन सापडले ते लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत. गोळी घेतलेल्या रोग्याच्या रक्तातही ते इतके नसते. एका दिवसात वाहून गेलेले ते औषध स्वीडनच्या साऱ्या प्रजेला पाच दिवस पुरले असते. पुढच्या तपासणीत आसपासच्या खेड्यांच्या विहिरींतही सर्दीवरचे सेटिरिझिन आणि अशीच आणखी औषधे निघाली. विहिरींना सर्दी झाली नव्हती, एवढे खरे.

महाराष्ट्रातला दाखला पुण्याच्या मुठेचा, आणि तो कारखान्यांचा नव्हे, तुमच्या-आमच्या मोऱ्यांचा आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुठेचा गाळ शहराच्या वर आणि शहरात, असा दोन्हीकडे तपासला. औषधांना दाद न देण्याचे गुण जंतूंत उतरवणारी जनुके शहरातल्या गाळात वरच्यापेक्षा 30 पट भरली. अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या कार्बापेनेम औषधांना निष्प्रभ करणारी जनुकेही त्यांत होती. यांतली बरीचशी माणसांच्या आतड्यांतून, न शुद्ध केलेल्या मैल्याबरोबरच आलेली. म्हणजे औषधही आम्हीच सोडतो आणि त्याला पुरून उरणारा जंतूही आम्हीच. त्या दोघांची भेट नदीत होते.

2020 सालच्या जानेवारीत केंद्र सरकारने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात कोणते प्रतिजैविक किती असावे याच्या मर्यादांचा मसुदा काढला. 2021 च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा उरल्या नाहीत. असो. त्या आल्या असत्या तरी कारखान्याच्या दारापर्यंतच येणार होत्या; आमच्या गल्लीत त्यांचे काम नव्हते.

आमच्या गल्लीचे बोलायचे तर शौचालये घरोघर झाली, ही मोठी गोष्ट झाली. त्यांचे पाणी शोषखड्ड्यात जाते. पण खालचा खडक आहे काळा, भेगांचा. दख्खनच्या या दगडात पाणी वाळूतल्यासारखे हळूहळू गाळत जात नाही. भेग सापडली की धावत सुटते. आणि शोषखड्ड्यापासून दहा-वीस पावलांवर बोअरिंग. नळाला पाणी येईना की कळशा तिथेच लागतात.

गल्लीतल्या एका वृद्ध शेतकऱ्याला, आम्ही त्यांना जिभाऊ म्हणतो, मी हे सारे सांगत होतो. ते मान हलवीत होते. मग म्हणाले, "गुरुजी, गोळी पोटमा गई, जिरी गई." मी त्यांना ऑक्सफर्डच्या शिपायाची गोष्ट सांगितली. लघवी सायकलवरून नेत, हे ऐकून ते आधी पोट धरून हसले, मग एकदम गप्प झाले. त्यांच्या नातवाला गेल्या वर्षी मुतखड्यानंतर ताप आला होता. तीन औषधे लागू पडली नाहीत, चौथे जळगावहून आणावे लागले. त्या तापाचा आणि आमच्या बोअरिंगचा संबंध आहे असे मी म्हणालो नाही. म्हणण्यासारखा पुरावाही नव्हता.

केरळात घरात उरलेली औषधे परत गोळा करण्याचा उपक्रम सुरू झाला आहे, असे मी सहज बोललो. जिभाऊ उठले, कोनाड्यातला बिस्किटांचा जुना डबा काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. त्यात अर्ध्यामुर्ध्या पाकिटांचा ढीग होता: तापाच्या, पोटाच्या, रक्तदाबाच्या, सुनेच्या, नातवाच्या, गेलेल्या म्हातारीच्याही. "मंग हे कुठं देऊ?" त्यांनी विचारले. गटारात टाकू नका, एवढे मी सांगितले. कुठे द्यायचे ते सांगायला आमच्या गावात अजून जागा नाही. डबा त्यांच्या कोनाड्यातच आहे.