संगणक-संशोधन व कामगारांचा सहभाग : स्कँडिनेव्हियन परंपरा

संगणकाधिष्ठित कार्यप्रणालीचा आराखडा ठरविताना ती प्रणाली प्रत्यक्ष वापरणाऱ्या कामगारांना निर्णयप्रक्रियेत सामील करून घेणारी संशोधनाची एक परंपरा. १९७० नंतर ती नॉर्वे, स्वीडन व डेन्मार्क या देशांत विकसित झाली. माहिती-तंत्रविद्येच्या सामाजिक व संघटनात्मक अंगांचा अभ्यास अन्य देशांतही झाला. तथापि तेथे कामगार हा बहुधा अभ्यासाचा विषय होता. स्कँडिनेव्हियात तो संशोधनाचा प्रवर्तक बनला. त्यामुळे संशोधनाचा प्रश्न कोणी मांडावयाचा आणि त्याचे फलित कोणाच्या हाती पडावयाचे, हा या परंपरेचा मध्यवर्ती प्रश्न ठरला.

पूर्वपीठिका : लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील एरिक ट्रिस्ट (१९०९–९३) व पूर्वी खाणकामगार असलेले केन बॅम्फर्थ यांनी १९५१ मध्ये ब्रिटिश कोळसाखाणींविषयी एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. जुन्या पद्धतीत खाणकामगारांची लहान टोळी कोळसा काढण्याचे संपूर्ण काम स्वतःच्या जबाबदारीवर करीत असे. यांत्रिकीकरणानंतर हेच काम तीन पाळ्यांत तुकड्यातुकड्यांनी विभागले गेले. टोळ्या मोडल्या, परस्परांवरील विश्वास उणावला आणि यंत्रांपासून अपेक्षिलेला लाभ पदरी पडला नाही. यंत्ररचना व समाजरचना यांचा विचार एकत्रच केला पाहिजे, हा ‘सामाजिक-तांत्रिक प्रणाली’चा सिद्धांत अशा अभ्यासांतून पुढे आला. नॉर्वेमध्ये आयनार थोर्सरूड यांनी टॅव्हिस्टॉकच्या फ्रेड एमरी यांच्या सहकार्याने १९६० नंतरच्या दशकात औद्योगिक लोकशाहीचे प्रयोग केले. त्यांना कामगार महासंघ व मालकांचा महासंघ या दोहोंचा पाठिंबा होता. उभयपक्षांची संमती हे या प्रयोगांचे बळ होते, तसेच ती त्यांची मर्यादाही होती. कारण उभयपक्षांचे हितसंबंध परस्परविरोधी असतील तेथे काय करावयाचे, याचे उत्तर त्यांत नव्हते.

न्यूगोर व धातुकामगार संघटना : हे उत्तर शोधण्यास आरंभ केला तो एका संगणकशास्त्रज्ञाने. क्रिस्टेन न्यूगोर (१९२६–२००२) यांनी ओले-योहान डाल (१९३१–२००२) यांच्यासह ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ‘सिम्यूला’ ही संगणकीय भाषा निर्माण केली. वस्तुनिष्ठ आज्ञावलीलेखनाचा पाया या भाषेने घातला आणि त्याबद्दल दोघांना २००१ चे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले. कारखान्यातील कामाचा ओघ, प्रतीक्षारांगा, यंत्रांची वाटणी इत्यादींचे प्रतिरूप संगणकावर उभे करणे, हा सिम्यूलाचा मूळ उपयोग. या प्रतिरूपावरून काम नव्याने आखले जाई आणि त्याचे परिणाम कामगारांना भोगावे लागत; आखणीत मात्र त्यांना स्थान नसे. आपल्याच निर्मितीचा असा वापर होत असल्याची जाणीव न्यूगोर यांना कामगार चळवळीकडे घेऊन गेली.

नॉर्वेच्या लोखंड व धातुकामगार संघटनेच्या सहकार्याने त्यांनी १९७१–७३ या काळात एक संशोधन प्रकल्प राबविला. कारखान्यांतील संगणकीय नियोजन व नियंत्रण प्रणालींचा अभ्यास करून संघटनेला अहवाल सादर करावयाचा, अशी प्रारंभीची योजना होती. परंतु तज्ञांचा अहवाल कामगारांच्या हाती पडला, तरी तेवढ्याने त्यांचे सामर्थ्य वाढत नाही, असे लवकरच दिसून आले. म्हणून प्रकल्पाची फलितविषयक व्याख्याच बदलण्यात आली. संघटनेच्या स्थानिक शाखांनी माहिती मिळवून, चर्चा करून स्वतः केलेली कृती हेच संशोधनाचे फलित मानावे, असे ठरले. कामगारांसाठी पाठ्यपुस्तक तयार झाले, अभ्यासमंडळे भरली आणि निवडक कारखान्यांतील कामगारांनी आपल्या येथील प्रणालींचे स्वतः परीक्षण केले. ज्ञानाची निर्मिती व ज्ञानाचा वापर यांतील भिंत येथे प्रथमच जाणीवपूर्वक पाडली गेली.

या कार्याचे पडसाद कायद्यात व करारांत उमटले. नॉर्वेतील कामगार व मालक महासंघांत १९७५ मध्ये संगणकीय प्रणालींविषयी राष्ट्रीय करार झाला. नव्या प्रणालीची माहिती कामगारांना आगाऊ व समजेल अशा भाषेत देणे त्यानुसार मालकांवर बंधनकारक झाले. या विषयासाठी स्वतंत्र कामगार प्रतिनिधी निवडण्याची प्रथाही रूढ झाली. नॉर्वेच्या १९७७ च्या कार्यपरिस्थिती अधिनियमाने नियोजन व नियंत्रण प्रणालींच्या आखणीत कामगारांचा सहभाग मान्य केला. स्वीडनमध्ये सहनिर्णयाचा अधिनियम १९७६ मध्ये संमत झाला.

यूटोपिया प्रकल्प : स्वीडनमधील ‘डेमॉस’ व डेन्मार्कमधील ‘ड्यूए’ हे प्रकल्प याच वाटेने गेले. तथापि त्यांच्या अनुभवातून एक उणीव पुढे आली. बाजारात उपलब्ध असलेली यंत्रसामग्री व्यवस्थापनाच्या गरजा डोळ्यांपुढे ठेवून तयार झालेली असल्यास वाटाघाटीने तिच्यात फारसा बदल घडवून आणता येत नाही. तेव्हा पर्यायी तंत्रविद्या कामगारांच्या बाजूने निर्माण करता येईल काय, हा प्रश्न घेऊन १९८१–८५ या काळात यूटोपिया प्रकल्प हाती घेण्यात आला. पेले एन, मॉर्टन क्यूंग, सुसान ब्योडकर इत्यादी संशोधकांनी नॉर्डिक मुद्रणकामगार संघटनेबरोबर वृत्तपत्राच्या पृष्ठमांडणीसाठी प्रणाली आखली.

मुद्रणकामगारांचे कौशल्य हाताचे व नजरेचे होते. ते शब्दांत वा तांत्रिक आकृत्यांत सांगता येत नव्हते. संगणकतज्ञांची विवरणपत्रे कामगारांना परकी वाटत. यावर संशोधकांनी साधा उपाय योजिला. पुठ्ठा, कागद व लाकूड यांची नकली उपकरणे मांडून कामगारांनी त्यांवर आपले रोजचे काम करून पाहावयाचे. ‘मेजावरील लेसर मुद्रक’ असे लिहिलेले एक रिकामे खोके हे त्यांतील प्रसिद्ध उदाहरण होय. असे मुद्रक तेव्हा सर्रास उपलब्ध नव्हते. पुठ्ठ्याचे यंत्र कोणालाही मोडता व बदलता येते, त्यामुळे कामगार व तज्ञ यांना समान पातळीवर बोलता आले. पुढे जगभर रूढ झालेल्या नमुनानिर्मितीच्या पद्धतींवर या अनुभवाचा प्रभाव आहे.

मूल्यमापन : या परंपरेच्या यशाबरोबर तिच्या मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. यूटोपियाची प्रणाली स्टॉकहोमच्या आफ्टोनब्लाडेट या दैनिकात आजमावली गेली; परंतु तिचा व्यापक प्रसार झाला नाही. पृष्ठमांडणीचे काम मुद्रणकामगारांनी करावयाचे की पत्रकारांनी, या वादात दोन कामगारवर्गच एकमेकांसमोर उभे राहिले. पुढे मेजावरील संगणकांनी मुद्रणकामगारांच्या जुन्या व्यवसायाचा मोठा भाग नाहीसा केला. प्रबळ संघटना, सहकार्यास राजी असलेले मालक व अनुकूल कायदे या तिन्ही गोष्टी स्कँडिनेव्हियात एकत्र आल्या होत्या. अन्यत्र त्या विरळाच आढळतात. अमेरिकेत ही पद्धत ‘सहभागी अभिकल्प’ या नावाने रुजली आणि तिची पहिली परिषद १९९० मध्ये सिॲटल येथे भरली. मात्र तेथे तिच्यातील सत्तेचा प्रश्न पुष्कळदा मागे पडून वापरसुलभतेचा प्रश्न पुढे आला.

परंपरेचा एक प्रवाह विकसनशील देशांकडेही वळला. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवट १९९४ मध्ये संपल्यानंतर ऑस्लो विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी तेथील आरोग्यसेवकांसह आरोग्यविषयक माहितीप्रणालीचे काम सुरू केले. गोळा केलेली आकडेवारी केवळ वरिष्ठांकडे न जाता ती गोळा करणाऱ्या आरोग्यकेंद्रालाही उपयोगी पडावी, हे त्याचे सूत्र होते. हे कार्य भारतात आंध्र प्रदेशात व पुढे केरळात पोहोचले. त्यातून विकसित झालेली मुक्तस्रोत प्रणाली अनेक देशांच्या आरोग्यखात्यांनी स्वीकारली. येथे प्रबळ कामगार संघटनेची जागा ग्रामीण आरोग्यसेविकेने घेतली. तिच्या पाठीशी करार वा अधिनियम नसताना सहभाग नावापुरता उरण्याचा धोका अधिक असतो. म्हणून प्रणाली वापरणाऱ्यास ती बदलण्याचा, प्रसंगी नाकारण्याचा, अधिकार आहे किंवा नाही, ही न्यूगोर यांच्या काळापासूनची कसोटी अशा प्रत्येक प्रयोगाला लावावी लागते.