दोष समुद्रकिनाऱ्याचा नाही

पशुवैद्यकांची एखादी कार्यशाळा गोव्याला, महाबळेश्वरला किंवा आमच्या वसईत अर्नाळा-राजोडीच्या रिसॉर्टवर ठरली, की ऐकणाऱ्याच्या तोंडून पहिलं वाक्य येतं: "म्हणजे सहलच की!" तबेलेवाला म्हणतो, वरिष्ठ अधिकारी म्हणतात आणि पशुवैद्यकही आपापसांत तेच म्हणतात. शिकायचं असेल तर परळच्या महाविद्यालयात जा, वर्गात बसा, टिपणं काढा. मजा करायची असेल तर रजा टाकून बायकामुलांना घेऊन जा. दोन्हींची सरमिसळ केली की शिक्षण नावापुरतं उरतं, असं हे मत आहे. ते इतकं रूढ झालं आहे की त्याला कुणी पुरावाही मागत नाही. मला ते चुकीचं वाटतं. इतकंच नव्हे, तर आमच्या पेशाचं आणि पर्यायानं गोठ्यातल्या जनावरांचं त्यानं नुकसान होतं असं माझं म्हणणं आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण त्यात दम आहे. त्याला सर्वांत मोठं बळ मिळतं ते अमेरिकेच्या उदाहरणातून. तिथे बहुतेक राज्यांत परवाना चालू ठेवण्यासाठी पशुवैद्यकाला ठरावीक तासांचं शिक्षण घ्यावंच लागतं. ते तास भरून काढायला कॅरिबियन बेटांवर आठवड्याभराचे कार्यक्रम निघतात. सकाळी व्याख्यानं, दुपारनंतर समुद्र. कॅरिबियनच का, याचं एक कारण हवामान आणि दुसरं प्राप्तिकराचा कायदा. परदेशी अधिवेशनाच्या खर्चाची वजावट मिळणं तिथे अवघड असतं, पण जमैका, बार्बाडोस, ग्रेनाडा, त्रिनिदाद असे देश एवढ्या कामापुरते उत्तर अमेरिकेतच धरले जातात. म्हणजे जागा ठरवताना तिथे कुठलं जनावर आहे, कुठला आजार आहे, याचा विचार करायची गरजच पडत नाही. आक्षेप घेणारे इथे बोट ठेवतात आणि ते अगदी योग्य जागी ठेवतात.

याहून गंभीर आक्षेप पैशाचा आहे. १९९२ मध्ये 'चेस्ट' या वैद्यकीय नियतकालिकात ऑर्लोव्स्की आणि वाटेस्का यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध कंपन्यांनी सगळा खर्च करून एका मोठ्या अमेरिकी रुग्णालयातल्या डॉक्टरांना ऊबदार हवेच्या लोकप्रिय सुट्टीच्या ठिकाणी परिसंवादाला नेलं होतं. या सहलींचा आपल्या औषधयोजनेवर परिणाम होणार नाही, असं त्यांतल्या बहुतेकांनी सांगितलं. प्रत्यक्षात एका औषधाचा सरासरी वापर ८१ एककांवरून २७२ वर गेला, दुसऱ्याचा ३४ वरून ८७ वर. माणसांच्या डॉक्टरांचं हे असं, तर जंतनाशकांच्या आणि प्रतिजैविकांच्या कंपन्या पशुवैद्यकांना फुकट समुद्र दाखवतील तेव्हा काय होईल, हा प्रश्न मला पूर्णपणे रास्त वाटतो.

पण हा पुरावा नेमकं काय सिद्ध करतो? त्या डॉक्टरांच्या औषधवापराची नोंद परिसंवादानंतर १७ महिने ठेवली होती आणि वाढ त्या काळातली आहे. त्यात उपकाराच्या ओझ्याचा भाग किती आणि शिकवणीचा किती, हे आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. तरीही 'सुट्टीच्या जागी डोक्यात काही शिरत नाही' हे म्हणणं त्या आकड्यांपुढे टिकत नाही. शिरलं, आणि चांगलं पक्कं बसलं. फक्त जे शिरलं ते पैसे भरणाऱ्यानं ठरवलेलं होतं. तेव्हा दोष जागेचा नाही, यजमानाचा आहे. तोच परिसंवाद त्याच कंपनीच्या पैशानं मुंबईतल्या एखाद्या बंद सभागृहात भरवला, तर तो पवित्र होत नाही.

वर्गात बसून टिपणं काढण्याच्या बाजूनं तरी पुरावा आहे का? १९९९ मध्ये डेव्ह डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणावरचे प्रयोग एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टरांच्या प्रत्यक्ष कामात फरक पडल्याचं त्यांना दिसलं नाही. जिथे शिकणाऱ्याला हातानं करायला, चर्चेत उतरायला, सराव करायला मिळालं तिथे फरक पडला. म्हणजे निवड परळ की राजोडी अशी नाहीच. ऐकणं की करणं, अशी ती आहे.

शिकायची गरज आहे, यावर दुमत नाही. माझ्या पिढीनं पदवी घेतली तेव्हा लम्पी हा पुस्तकातला आफ्रिकेतला आजार होता. २०१९ मध्ये तो ओडिशात आला आणि २०२२ मध्ये महाराष्ट्रभर गाई-बैलांच्या अंगावर उठला. डायक्लोफेनॅक आम्ही बिनदिक्कत टोचत होतो. गिधाडांचा संहार त्यानं झाला हे सिद्ध झालं आणि २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. कोंबड्यांचा बर्ड फ्लू त्याच वर्षी नवापूरला आला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये वसई-विरारपर्यंत पोचला. पदवीच्या शिदोरीवर तीस वर्षं काढता येत नाहीत.

मग मोबाइलवर शिका, असं सांगितलं जातं. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही सगळेच त्यावर शिकलो आणि माहितीपुरता त्याचा उपयोग मी नाकारत नाही. पण अडलेल्या म्हशीचंच घ्या. आत हात घातला की गर्भाशयाला पीळ पडल्याचं बोटांना कळतं, घड्या बहुधा उजवीकडे आवळत गेलेल्या लागतात. मग म्हशीला उजव्या कुशीवर पाडायचं, पुढचे पाय वेगळे आणि मागचे वेगळे बांधायचे. दहा-बारा फुटी फळीचं एक टोक जमिनीला टेकवून ती वरच्या भकाळीवर आडवी ठेवायची, तिच्यावर एका माणसाला उभं करायचं आणि दोर ओढून म्हैस पिळाच्याच दिशेनं सावकाश पलटायची. फळीच्या दाबानं गर्भाशय जागेवर धरलं जातं आणि भोवतालचं शरीर फिरतं. प्रत्येक पलटीनंतर पुन्हा हात घालून पीळ किती सुटला ते पाहायचं. फळी चार बोटं पुढे सरकली तर दाब बरगड्यांवर जातो. वरचा माणूस बावरून उडी मारून उतरला तर सगळी मेहनत वाया. हे वाचून जितकं कळतं तितकंच पडद्यावर पाहून कळतं. हाताला ते येतं एखाद्या जाणत्याच्या शेजारी चिखलात गुडघे टेकून, आणि त्यासाठी स्वतःचा दवाखाना सोडून दुसऱ्याच्या मुलखात जावंच लागतं.

आता 'रजा' या शब्दाकडे येतो. एकट्यानं दवाखाना चालवणाऱ्या पशुवैद्यकाला रविवार नसतो. रात्री दोनला नालासोपाऱ्याच्या तबेल्यातून फोन आला की उठायचं, परत येऊन आंघोळ करेपर्यंत बाहेर कुत्री-मांजरं घेऊन माणसं उभी. अमेरिकेत १९७९ ते २०१५ या काळातल्या पशुवैद्यकांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला. सर्वसाधारण लोकसंख्येच्या मानानं आत्महत्येचं प्रमाण पुरुष पशुवैद्यकांत सुमारे २.१ पट आणि स्त्रियांत सुमारे ३.५ पट आढळलं. विश्रांती ही आमच्या पेशात ऐष नाही. शिवाय आता महाविद्यालयांतून मुली मोठ्या संख्येनं पशुवैद्यक होऊन बाहेर पडताहेत. तीन वर्षांचं मूल घरी ठेवून चार दिवस परगावी जाणं त्यांतल्या कितीजणींना जमेल? तेच मूल, त्याचा बाप आणि आजी बरोबर येऊ शकली, स्वतःच्या खर्चानं शेजारच्या खोलीत राहू शकली, तर ती बाई येते. कुटुंबाला बरोबर आणण्याची मुभा ही चैन आहे, असं म्हणणाऱ्यांनी कार्यशाळेतल्या खुर्च्यांवर बायका किती बसतात ते एकदा मोजावं.

शिक्षणाची जागा ठरलेली असते, हा समज आमच्या जिल्ह्यानं तर कधीच मोडून काढला आहे. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, पुढे कोसबाडला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण त्यांना गुरं राखायची होती. तेव्हा या दोघींनी शाळाच गुरांमागे नेली. तिला त्यांनी कुरणशाळा म्हटलं. झाडाखाली, मोकळ्या हवेत, गुरं चरत असताना शिकणं त्यांना कमी दर्जाचं वाटलं नाही. जिथे शिकणारा आहे आणि जिथे विषय आहे तिथे वर्ग, इतकं साधं ते सूत्र होतं.

हे सूत्र कॅरिबियनलाही लावून पाहू. १८७२ मध्ये उसातल्या उंदरांवर उपाय म्हणून एस्प्यूट नावाच्या मळेवाल्यानं कोलकात्याहून नऊ मुंगसं जमैकात नेली. त्यांचा वंश बेटाबेटांवर पसरला आणि आज ग्रेनाडात रेबीज टिकवून धरणारं मुख्य जनावर तेच, आपलं मुंगूस. त्रिनिदादच्या ऊसमळ्यांत ओढकामाला भारतातून म्हशी नेल्या होत्या. मुऱ्हा, सुरती, जाफराबादी, अगदी आपली नागपुरीसुद्धा, अशा जातींच्या संकरातून बेनेट नावाच्या पशुवैद्यकानं तिथे 'बफेलिप्सो' ही मांसासाठीची जात घडवली. सेंट किट्स आणि ग्रेनाडात पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. वसईचा एखादा पशुवैद्यक स्वतःच्या पैशानं हे पाहायला तिकडे गेला आणि संध्याकाळी मुलांना घेऊन समुद्रात उतरला, तर त्याला सहलखोर म्हणणं हा अन्याय आहे. आणि हेच न पाहता नुसत्या खोलीत पडद्यावरची चित्रं बघून परत येणाऱ्यानं विमानाचा खर्च फुकट घालवला, असंही मी म्हणेन. समुद्र नको असं नाही, पण त्या समुद्राला कार्यक्रमात काहीतरी काम हवं.

आणि तसं काम असलेला किनारा आपल्याकडे आहे. डहाणूला समुद्री कासवांचं उपचार केंद्र आहे. पावसाळ्यात वादळानं किनाऱ्यावर फेकली गेलेली, तुटक्या जाळ्यांत वल्ह्यासारखे पाय कापून घेतलेली कासवं तिथे आणतात आणि बरी होईपर्यंत कित्येक महिने ठेवतात. विरारहून डहाणूला २०१३ पासून लोकल जाते, साठ-पासष्ट किलोमीटरचा प्रवास. वसईत एका दिवसाच्या फेरीत जितक्या प्रकारची जनावरं हाताखाली येतात तितकी दुसऱ्या कुठल्या तालुक्यात येतील मला माहीत नाही. महामार्गाच्या बाजूला तबेले. पश्चिमेच्या वाड्यांमधून परसातल्या कोंबड्या आणि काही ख्रिस्ती घरांमागे डुकरं. पूर्वेला पारोळ-भाताण्याकडे आदिवासींच्या शेळ्या. तुंगारेश्वरच्या जंगलाला लागून बिबट्यानं धरलेली कुत्री. २०२४ मध्ये तर बिबट्या थेट वसई किल्ल्याच्या परिसरात आला होता आणि त्याला पकडायला वनखात्याला कित्येक दिवस लागले. शहरभर भटकी कुत्री, आणि त्यांच्या नसबंदीसाठी २०२३ चे नवे नियम.

तेव्हा माझं म्हणणं असं. नागपूर, परभणी, उदगीरकडच्या पशुवैद्यकांनी एप्रिल-मेमध्ये, शाळांना सुट्ट्या असताना आणि म्हशींच्या विण्याचा मोसम अजून लांब असताना, चार दिवस कळंब-राजोडीला यावं. पहाटे तबेला, कारण धारा तेव्हाच काढतात आणि दगडीची कास तेव्हाच तपासता येते. दुपारी एखादं व्याख्यान, एकच. एक पूर्ण दिवस डहाणू. संध्याकाळ कुटुंबाची. आम्ही वसईकरांनी उलट त्यांच्याकडे जावं, तिथल्या बैलांच्या, मेंढ्यांच्या आजारांसाठी. विषय विद्यापीठानं किंवा राज्य पशुवैद्यक परिषदेनं ठरवावेत. कंपन्यांनी हवं तर आवाराबाहेर टेबल मांडावं, पण खोलीचं, जेवणाचं, प्रवासाचं बिल त्यांच्याकडे जाता कामा नये. माणसांच्या डॉक्टरांसाठी केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये औषध विपणनाची संहिता काढली. तिच्यात परदेशातले असे कार्यक्रम कंपन्यांना मना आहेत, आणि वक्ते वगळता डॉक्टरांचा प्रवास आणि राहणं यांचा खर्च करणंही मना आहे. आम्ही पशुवैद्यकांनी तशी सक्ती होण्याची वाट पाहू नये.

राहिला तबेलेवाल्याचा आक्षेप, आणि मला तो सगळ्यांत खरा वाटतो: चार दिवस डॉक्टर नाही, आणि माझी म्हैस अडली तर? याला उत्तर सहल रद्द करणं हे नाही. विरार, नालासोपारा, वसई, नायगाव इथले खासगी पशुवैद्यक एकमेकांचे तबेले आळीपाळीनं सांभाळू शकतात. एरवी एकमेकांच्या गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही असा आमच्यात संकेत आहे, तो तेवढ्यापुरता बाजूला ठेवावा लागेल. कोण येणार त्याचं नाव आणि नंबर निघण्याआधी प्रत्येक तबेल्यात पोचलेला असावा. फळी कुठे ठेवली आहे, तेही त्याला सांगून ठेवावं.